चुन्याखालची खोली

ज्या माघात माझे वडील वारले आणि त्यांची बांबूची शिडी माझ्याकडे आली, ते साल अडुसष्ट. शिडीबरोबर मिशनच्या आवाराचं कामही आलं. त्याच सालच्या चैत्रात, भर दुपारी, मी एस्तेरबाईंच्या खोलीत भिंतीपुढे उभा होतो.

"बाई, इचार करून सांगा," मी म्हणालो. "एकदा ऑइल पेंट लावला की त्या जागंवर परत चुना धरायचा न्हाई."

"का?"

"चुना भितीत मुराय लागतो. तेलावर तो नुसता बसतो. ओल आली की पापुद्रं सुटत्यात. मग समदं खरवडायचं, पार गिलाव्यापातूर, आन् मग चुना."

"मे अखेर मी जाणार," बाई म्हणाल्या. "तोवर माझ्या पदराला चुना लागू नये, एवढंच. पुढचं पुढचा बघेल."

एस्तेरबाई सातपुते मिशनच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. चौतीस वर्षं शिकवली. आता नोकरी संपली होती, मेअखेर खोली सोडून नगरला भाचीकडे जायचं होतं. एकट्याच होत्या. संधिवातानं दोन्ही हातांची बोटं आत वळली होती, त्यामुळे शेवटची दोन वर्षं त्या खडू मुठीत धरून फळ्यावर चित्र काढायच्या, असं शाळेचा शिपाई सांगायचा. त्यांची आरामखुर्ची भिंतीला टेकलेली असायची आणि उठल्या की पाठीला चुन्याचा पांढरा पट्टा. तेवढ्या जागेला, तीन हात रुंद आणि दोन हात उंच, मी पांढरा ऑइल पेंट लावून दिला. त्या आवारातली दारं-खिडक्या हिरव्या रंगानं रंगवायचं काम चालूच होतं. पांढऱ्याचाही डबा होता, ब्रश होता. पाव तासाचं काम.

तिसऱ्या दिवशी विसरलेला फडका न्यायला गेलो, तर बाई त्या पांढऱ्या तुकड्यासमोर एक जाडजूड पुस्तक उघडून उभ्या.

"शिदू, यावर चित्र काढता येईल."

"काढा की."

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटं कोंबडीच्या पायासारखी. म्हणाल्या, "यांनी?"

मी फडका उचलला.

"तू काढशील?"

"मी रंगारी हाय, बाई. मला दारं येत्यात."

"तेलरंग तोच. जवसाचं तेल तेच. दार उभं असतं, भिंतही उभी आहे."

पुस्तक परदेशातलं होतं. शाळेचं होतं आणि जाताना परत द्यायचं होतं. त्यातलं एक पान त्यांनी मला दाखवलं. एक खोली. डाव्या हाताला खिडकी, तिला पातळ पडदा. टेबलावर दोन कप. खुर्चीत एक बाई पाठमोरी, थोडी वळलेली, मांडीवर काहीतरी शिवण. मागे उघडं दार आणि दारापलीकडच्या खोलीत जमिनीवर पडलेलं ऊन. बस. फ्रान्सच्या कुणीतरी काढलेलं. त्या लोकांना इम्प्रेशनिस्ट म्हणायचे, असं बाईंनी सांगितलं. घर, माणूस, कप हे सगळं नंतर. आधी उजेड काढायचा, अशी त्यांची रीत.

"नोकरीला लागले तेव्हा आमच्या मिसनं मला हे पान दाखवलं होतं," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून म्हणत होते, याची एक नक्कल करायची. मग मुलांना झाडाचं पान आणि तांब्या काढायला शिकवण्यात वर्षं गेली. परीक्षेला पान आणि तांब्याच येतो."

आमचं काम सकाळी सातला सुरू व्हायचं. दुपारी एक ते अडीच सुट्टी. भाकरी खाऊन चिंचेखाली गोणपाटावर जी डुलकी लागायची, तिच्यासाठी मी बाकीचा दिवस ढकलायचो. वडील गेल्यापासून अंगात काही राहिलंच नव्हतं. खांदा शिडीला टेकला की तिथंच मिटून घ्यावंसं वाटायचं. बाईंनी माझ्याकडे नेमकी ती डुलकी मागितली. पण नाही म्हणायलाही त्राण लागतं. ते नव्हतं, म्हणून मी हो म्हणालो.

पहिल्या दिवशी सोपं गेलं. बाईंनी पुस्तकातल्या पानावर पातळ कागद ठेवून चौकटी आखायला लावल्या. मग भिंतीवर मी निळीत बुडवलेली सुतळी ताणून दोरी मारली, आम्ही पट्टा मारताना मारतो तशी. एका चौकटीत जे दिसेल तेवढंच त्या चौकटीत उतरवायचं. तीन दुपारी गेल्या आणि पेन्सिलीनं खोली उभी राहिली.

मग रंग. बाईंकडे जुन्या ट्यूबा होत्या, निम्म्या वाळून दगड झालेल्या. बाकीचं मी आणलं. झिंकचा पांढरा, पिवळी पिवडी, तांबडी काव, नीळ, डब्यातला हिरवा. चित्रातली भिंत सगळ्यात मोठी, म्हणून मी आधी तिचा रंग कालवून ठेवला. डबाभर.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"भितीचा रंग. पांढरा."

"पुस्तकात कुठं आहे पांढरा?"

मी बोट ठेवलं. त्यांनी टेबलावरचं एक जुनं पोस्टकार्ड मला दिलं आणि कात्रीनं मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पाडायला सांगितलं. "आता हे पानावर ठेव. भोकातून बघ. बाकी काही बघू नकोस."

ठेवलं. भोकात पांढरं काही नव्हतं. जांभळं धुतलेल्या पाण्यासारखा रंग होता. कार्ड बोटभर सरकवलं, तर राखेसारखा. आणखी सरकवलं, तर कच्च्या पपईच्या गरासारखा. मी कार्ड उचललं. भिंत पुन्हा पांढरी. परत ठेवलं.

"हे कुणीतरी चुकवलंय," मी म्हणालो.

"चुन्यात नीळ का घालतोस रे तू?"

"पांढरा पांढरा दिसावा म्हणून."

"वडलांनी शिकवलं?"

"व्हय."

"मग तुला येतंच आहे," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "तो डबा दाराला वापर."

त्या दिवसापासून मी रोज जायचो. बाई खुर्चीतून सांगायच्या आणि त्यांचं सांगणं मला कळायचं, कारण त्या ट्यूबवरची नावं घ्यायच्या नाहीत. मला वाचता येत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. "हा पिवळा वरणाचा नको, आंबेहळदीचा कर." "टेबलाखाली वांग्याचा देठ आहे बघ, तसा हिरवा." मी कालवायचो, त्यांना ब्रशच्या टोकावर दाखवायचो. त्या मान हलवायच्या, मग भिंतीवर. हात सारखा मागे-पुढे जायचा माझा, दार रंगवताना जातो तसा. त्यावर त्या ओरडायच्या नाहीत, फक्त म्हणायच्या, "ओढू नकोस. ठेव आणि हात काढून घे."

आवारात ही गोष्ट लपली नाही. आमचे मिस्त्री, इब्राहिमभाई, दाढीला मेंदी लावणारे, तोंडाचे फटकळ. एक दिवस पाण्याच्या नळावर म्हणाले, "काय शिदबा, म्हातारपणी शाळंत नाव घातलंस म्हन?"

"तीस वर्साचा हाय मी, मिस्त्री."

"दुपारनंतर तुझं दार बघितलं की सत्तरचा वाटतूस. वघळ आलेत वघळ. तुझ्या बापाच्या दारावर माशी बसली तर घसरायची."

ते खरं होतं. वडील म्हणायचे, रंग असा लागला पाहिजे की लावणाऱ्याचा हात दिसता कामा नये. ब्रशची एक रेघ दिसली तरी ते दार पुन्हा घासायला लावायचे. आणि त्याच शिकवणीपायी माझ्या हातून ती चूक झाली.

दोन आठवड्यांत खिडकी, पडदा आणि अर्धी भिंत झाली होती. एका सोमवारी मी लवकर गेलो. बाई बाहेर पोस्टात गेल्या होत्या. मी चित्रावरून हात फिरवला. शनिवार-रविवार मधे गेल्यानं आणि उन्हाच्या तावानं रंग बऱ्यापैकी वाळला होता, आणि हाताला सगळे उंचवटे लागत होते. गावरान काम. बाई बिचाऱ्या सांगत नाहीत, पण त्यांना खटकत असणार, असं मला वाटलं. मी पॉलिश पेपर घेतला, पाण्यात बुडवला आणि सगळं हलक्या हातानं घासून काढलं. तळहात फिरवला, तर काचेसारखं. मन लावून केलं होतं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी मन लावून केलं होतं.

बाई आल्या. छत्री कोपऱ्यात ठेवली. भिंतीकडे बघत खुर्चीत बसल्या. पडदा म्हणजे नुसता मळकट डाग झाला होता. खिडकीतला उजेड गेला होता.

"गुळगुळीत केलंस," त्या म्हणाल्या.

"रेघा दिसत व्हत्या, बाई."

"हं."

बाहेर कोणीतरी बादली ओढत होतं. माझ्या हातातल्या पॉलिश पेपरवरून पाणी पायावर ठिबकत होतं. ते पिवळसर होतं.

"एकवीस दिवस उरलेत," बाई म्हणाल्या. "होईल का रे?"

"मी उद्यापास्नं भाकरी हितंच खातो."

"इथंच खा. पण पेपर मात्र बाहेर ठेवून ये, चपलेजवळ."

मग मी भाकरी खात-खातच रंग कालवायला लागलो. पाच दिवसांत पडदा परत आला. पहिल्यापेक्षा बरा आला. पाठमोऱ्या बाईची मान, खांदे, मांडीवरचं निळं कापड झालं. तिचं तोंड तेवढं राहिलं. पुस्तकात बघितलं, तर तोंड म्हणून फक्त चार फटकारे होते. डोळा नाही, नाक नाही.

"हिचं तोंड काढायचं ऱ्हायलंय त्याच्याकडनं," मी म्हणालो.

"राहिलं नाही. तेवढंच आहे."

"घाईत असंल."

बाई हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "तू दुपारी दारातून येतोस तेव्हा मी खिडकीपाशी बसलेली असते. माझे डोळे दिसतात तुला?"

मी आठवून बघितलं. "न्हाई. नुस्ता उजेड दिसतो. आन् चष्म्याची कड."

"मग?"

मी चार फटकारे ठेवले आणि हात काढून घेतला. दोन पावलं मागं आलो. खुर्चीत कोणीतरी बसलं होतं. मला वडील आठवले. शेवटच्या दिवसांत ते अंगणात असेच पाठमोरे बसून असायचे आणि मी शिडी घेऊन मागच्या मागं कामाला निघून जायचो. ब्रश धुवायला बाहेर गेलो आणि जरा जास्तच वेळ धुतला.

तीस मेला चित्र पुरं झालं. दारापलीकडचं ऊन सगळ्यात शेवटी, आंबेहळदीचं आणि थोडं पांढरं. बाईंची ट्रंक बांधून झाली होती. खुर्ची शिपाई घेऊन गेला होता. त्या उभ्या राहून बघत होत्या.

"खाली नाव घालायचं असतं," त्या म्हणाल्या. "बारीक ब्रश दे."

त्यांनी ब्रश दोन्ही मुठींत धरला, वाकल्या, आणि उजव्या कोपऱ्यात काव घेऊन लिहायला लागल्या. मी त्यांच्या कोपराला आधार दिला. पाव तास लागला. तीन शब्द झाले, मधे दोन मोकळ्या जागा.

"काय लिवलं, बाई?"

"ज्यानं काढलं त्याचं नाव."

मी मान हलवली. रंग माझ्या हातानं लागले, पण काढलं त्यांनीच, असं मी धरून चाललो होतो. तीस-चौतीस वर्षं ते चित्र त्यांच्याच डोक्यात होतं. त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, सातपुते. हिशेब बरोबर होता.

"परवा नवे मास्तर येणार," बाई म्हणाल्या. "उद्या इथं चुना मारायला तूच येशील ना?"

"व्हय. मिस्त्रींनी सांगितलंय."

"मग खरवडताना खालून सुरुवात कर. वरून करशील तर खिडकीपाशीच थांबशील."

"बाई, मिस्त्रींना सांगून बघतो. हेडमास्तरांना..."

"मी विचारलं त्यांना. सगळ्या खोल्या सारख्या पाहिजेत, असा नियम आहे. नियम बरोबर आहे." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "मला बघायचं होतं. बघून झालं. तुझं काम तू नीट कर, शिदू. तुझ्या वडलांचं नाव आहे इथं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं त्या गेल्या. मी शिडीवरून बघितलं. ट्रंक टपावर चढवेपर्यंत त्या छत्री उघडून उभ्या होत्या.

दहा वाजता मी त्यांच्या खोलीत गेलो. चुन्याची बादली, कुंचा आणि खरवडायची पत्री. खोली रिकामी. पत्री हातात घेऊन मी भिंतीपुढे बसलो. खालून सुरुवात करायची होती, आणि खाली ते नाव होतं. पत्रीचं टोक मी पहिल्या अक्षरावर ठेवलं. खरवडलं नाही. हात उचलून बाजूला ठेवला, तसा तो राहिला. दमलो होतो हे खरं. पण दमल्यामुळे नाही.

मी पत्री खिशात घातली आणि कुंचा चुन्यात बुडवला. नीळ जरा जास्त घातली होती. खिडकी गेली, पडदा गेला, खुर्ची गेली. तीन हात मारले. दुपारपर्यंत भिंत पांढरीफेक.

इब्राहिमभाई बघायला आले. त्या जागेपाशी थांबले. अंगठ्याच्या नखानं टकटक वाजवलं. कसलेल्या माणसाला आवाजावरून कळतं.

"खरवडलंस?"

"व्हय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खिशातून मावा काढला, तळहातावर चोळला.

"दोन पावसाळं," ते म्हणाले. "मग बोंब हुईल. तवा मी तुझं नाव सांगणार, शिदबा. माझं न्हाई."

"सांगा."

आमच्या घराण्यात कामाबद्दल खोटं बोललेला मी पहिला. दोन पावसाळ्यांनी बोंब झाली. मिस्त्रींनी नाव सांगितलं. मास्तरांच्या खोलीतला चुना सोलून पडतोय आणि खालून कसलेसे डाग येतायत, म्हणून हेडमास्तरांनी मला बोलावून फाटकातच सांगितलं, उद्यापासून यायचं नाही. वडिलांची तीस वर्षं आणि माझी अडीच, तिथं संपली. घरी बायकोनं विचारलं, असं कसं काम केलंत? तिला काय सांगणार? मग मी गावात दुकानांची शटरं रंगवली, बैलगाड्या रंगवल्या, पाण्याच्या टाक्या रंगवल्या. पुढं चित्र काही काढलं नाही. पण पांढरी भिंत मात्र मला त्यानंतर कधी पांढरी दिसली नाही.

एक्क्याण्णव साली आमच्या वस्तीत साक्षरतेचे वर्ग निघाले. माझी सूनच शिकवायला होती. म्हणाली, "मामा, आधी आपलं नाव." त्रेपन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं. सिद्राम तातोबा घस्ते. तीन शब्द, मधे दोन मोकळ्या जागा. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी मिशनच्या जुन्या खोल्या पाडायला काढल्या. दारं काढून द्यायला माणूस पाहिजे होता आणि नवीन लोकांना माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. मी गेलो. एस्तेरबाईंच्या खोलीवरची कौलं उतरवली होती, आत आभाळ दिसत होतं. नंतरच्या लोकांनी त्या भिंतीला किती वेळा चुना मारला असेल, देव जाणे. कोणीच खरवडलं नव्हतं. सगळा पापुद्र्यांनी सुटून खाली ढीग झाला होता. वर खिडकी होती. पडदा होता. पाठमोरी बाई बसलेली होती, आणि कौलं नसल्यामुळे तिच्यावर खरं ऊन पडलं होतं.

मी खाली बसलो. कोपऱ्यातला गिलावा ओलीनं फुगून पडला होता. पहिला शब्द गेला होता. शेवटचा गेला होता. मधला तेवढा राहिला होता, कावेच्या रंगाचा, वाकडातिकडा, मुठीनं लिहिलेला. मी एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. तातोबा.

ज्या आवारातल्या प्रत्येक भिंतीवर तीस वर्षं माझ्या बापाचा हात फिरला आणि कुठंच दिसला नाही, तिथं त्याचं नाव मी चुन्यानं झाकून ठेवलं होतं, मला माहीत नसताना.

ती भिंत त्याच आठवड्यात पाडली. बाईंचं पुढं काय झालं, हे शाळेच्या म्हाताऱ्या शिपायानं मला त्या दिवशी सांगितलं. मी भिंत खरवडली असंच त्या शेवटपर्यंत समजून असणार. चुन्याचा पहिला पापुद्रा सुटला तो सत्तरच्या पावसाळ्यात. एस्तेरबाई सातपुते त्याच्या आधीच, एकोणसत्तरच्या डिसेंबरात, नाताळाला चार दिवस असताना, नगरला भाचीच्या घरी वारल्या.